बहुसंख्य झाले की दाबणारच का? (जाफन्याहून परत आल्यावर पडलेला प्रश्न)

उनाड_पाऊल
मागच्या महिन्यात श्रीलंकेला जाऊन आलो. सगळे करतात ते कँडी, सिगिरिया झालंच, पण आम्ही दोघं हट्टाने रेल्वेने वर उत्तरेला, तमिळबहुल जाफन्यापर्यंत गेलो. तिथलं सार्वजनिक वाचनालय बघायचं होतं. पांढरीशुभ्र इमारत, समोर सरस्वतीचा पुतळा, आत पोरं परीक्षेचा अभ्यास करत बसलेली, अगदी आपल्याकडच्या नगर वाचनालयासारखं. ही पुन्हा उभी केलेली इमारत. १९८१ साली ३१ मे च्या रात्री ती जाळली होती, सुमारे ९७ हजार पुस्तकं गेली, त्यात ताडपत्रावरच्या पोथ्या होत्या ज्यांची दुसरी प्रतच नव्हती. जाळणाऱ्यांत पोलीसही होते.

परतीच्या गाडीत हिशेब मांडत बसलो. १९४८ ला स्वातंत्र्य, त्याच वर्षी चहामळ्यातल्या लाखो तमिळ मजुरांचं नागरिकत्व काढलं. १९५६ ला फक्त सिंहली ही राजभाषा. ७१-७२ च्या सुमारास मेडिकल-इंजिनिअरिंगला तमिळ पोरांना जास्त मार्क लागतील असे नियम. ७२ च्या घटनेत बौद्ध धर्माला अग्रस्थान. ८१ ला वाचनालय, ८३ च्या जुलैत कोलंबोत दंगल, जमाव मतदार याद्या हातात घेऊन तमिळांची घरं शोधत होते. पुढचं माहितीच आहे, २००९ पर्यंत युद्ध. आणि यातला बराच भाग कुणा हुकूमशहाने नाही केला, रीतसर निवडणुका होऊन, संसदेत हात वर करून झालाय.

तर माझं मत असं झालंय की बहुसंख्य समाज संधी मिळाली की दाबतोच. कुठे हळू कुठे जोरात एवढाच फरक. तुम्हाला काय वाटतं? मला खोटं पाडलंत तर आनंदच होईल.

चहाबिस्कीट
पहिला! पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शंभरी गाठणार हा धागा.

तर्कट
"दाबतोच" मधला तो च काढा आधी. अपरिहार्य म्हणायचं असेल तर एक जरी उलटं उदाहरण निघालं तरी विधान पडतं.

आणि संख्येचाच दोष म्हणावा तर दक्षिण आफ्रिकेचं काय करणार? गोरे कधीही पाव हिश्शाच्या वर नव्हते, १९४८ ते १९९४ राज्य त्यांचंच. त्याहून बोलकं म्हणजे रवांडा आणि बुरुंडी. शेजारी देश, दोन्हीकडे हुतू बहुसंख्य आणि तुत्सी थोडे. रवांडात १९९४ ला बहुसंख्य हुतूंच्या सरकारने आणि टोळ्यांनी शंभर दिवसांत साधारण आठ लाख माणसं मारली. बुरुंडीत १९७२ ला उलटं, लष्कर तुत्सींच्या हातात, मेले हुतू. आकडेवारी तीच राहून मारणारे बदलले. म्हणजे बंदूक कुणाकडे ते बघा, डोकी मोजू नका.

मिसळ_विदाउट_पाव
तर्कट, मुद्दा बरोबर पण अर्धा. १९४८ ला दक्षिण आफ्रिकेत निवडणूक झाली त्यात मत कुणाला होतं? जवळपास फक्त गोऱ्यांना. केप प्रांतात कलर्ड म्हणजे मिश्रवंशीय लोकांना थोडं होतं ते पण ५६ पर्यंत काढून घेतलं. म्हणजे मतदार यादीत गोरे बहुसंख्यच होते की. अमेरिकेत मिसिसिपी आणि साऊथ कॅरोलायनात १९०० च्या आसपास काळे लोक निम्म्याहून जास्त होते, पण मिसिसिपीने १८९० च्या राज्यघटनेत मतदानासाठी कर आणि वाचता येण्याची परीक्षा आणली आणि यादीच पांढरी करून टाकली. त्यामुळे बहुसंख्य कोण हे निसर्ग ठरवत नाही, यादी करणारा ठरवतो. धागाकर्त्याने सांगितलेलं मळेवाल्या तमिळांचं पण तेच ना, नागरिकत्व काढलं की मत गेलं, मत गेलं की आपोआप समोरच्याचा टक्का वाढला.

सूनबाई_नं_१
चार विरुद्ध एक असं बारा वर्षं राहतेय. सासू, सासरे, नवरा, दीर. लोकशाही पद्धतीने रोज वरणच ठरतं. मला आमटी आवडते. इतिहासाचं माहीत नाही पण माझा अनुभव धागाकर्त्याच्या बाजूने.

चहाबिस्कीट
@सूनबाई, स्वायत्त प्रांत मागा. निदान एक शेगडी.

सूनबाई_नं_१
दीराचं लग्न ठरलंय. येणारी पण आमटीवाली आहे असं कळतंय. मग बघते.

बेळगावी_कुंदा
हसण्यावारी नेऊ नका, आम्ही ६८-६९ वर्षं हेच जगतोय. माझे आजोबा बेळगावात बहुसंख्य म्हणून झोपले आणि १ नोव्हेंबर १९५६ ला अल्पसंख्य म्हणून उठले. घर तेच, गल्ली तीच, दुकानाची पाटी पण तीच होती, फक्त रेघ सरकली. अल्पसंख्य हे माणसाच्या अंगात काही नसतं बघा, नकाशात असतं.

आणि दाबणं म्हणजे काय रोज कोणी काठी घेऊन येत नाही. माझ्या लहानपणी सातबारा मराठीत मिळायचा, मग कन्नडमध्ये यायला लागला. वडलांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. एका अर्जासाठी लिहून देणाऱ्याला पैसे. बसवरचं गावाचं नाव वाचता येत नाही म्हणून आजीची बस चुकायची, ती ड्रायव्हरला विचारायची आणि तो चांगला माणूस असेल तर मराठीत सांगायचा, बहुतेक वेळा सांगायचाच. माणसं वाईट नाहीत ओ. माझे अर्धे मित्र कन्नड आहेत, क्रिकेट एकत्रच खेळलो. पण कचेरीत शिरलं की तो मित्रपणा बाहेर चपलांजवळ राहतो.

कागदावर सगळं आहे. पंधरा टक्के भाषिक अल्पसंख्य असतील तिथे त्यांच्या भाषेत कागद द्यावेत हे ५६ सालापासूनच्या केंद्राच्या धोरणात आहे. घटनेत ३५०अ आहे, प्राथमिक शिक्षण मातृभाषेत, ३५०ब आहे, भाषिक अल्पसंख्यांसाठी खास अधिकारी. २००४ पासून सुप्रीम कोर्टात सीमाप्रश्नाचा दावा पडून आहे. माझी स्वतःची अर्जांची फाईल आहे, एवढी जाड झालीय की तिला आता दोरी बांधतो.

जतचा_बेदाणा
कुंदाभाऊ तुमचं सगळं मान्य, पण रेघेच्या अलीकडे पण या एकदा. जत, अक्कलकोट. आमच्याकडे कन्नड बोलणारी गावंच्या गावं आहेत, शाळा कन्नड, आणि मराठी अधिकारी आला की त्यांची तीच अवस्था जी तुमच्या वडलांची. माझी आई घरात कन्नड बोलते, मी मराठी शाळेत गेलो. लहानपणी वर्गात तोंडातून कन्नड शब्द निघाला की पोरं हसायची, मास्तर पण हसायचे. तेव्हा आपण मराठी लोक बहुसंख्य होतो ना? काय केलं आपण? पुण्यात जाऊन सीमाप्रश्नाच्या सभेत टाळ्या वाजवल्या.

(पाण्याचा विषय काढत नाही नाहीतर रात्र होईल.)

बेळगावी_कुंदा
@जतचा_बेदाणा खरं आहे. आमच्या सभांमधे हे कोणी बोलत नाही. बोललं की फितूर.

सह्याद्रीचा_कडा
श्रीलंका, आफ्रिका, अमेरिका ठीक आहे पण आपल्या मातीची परंपरा वेगळी आहे हे कोणीच लिहीत नाही याचं आश्चर्य वाटतं. पारशी आले, दुधात साखरेसारखे राहिले. कोकणात बेने इस्रायली शेकडो वर्षं राहिले, त्यांना कोणी हात लावला नाही. जगात ज्यूंना जिथे जिथे मारलं त्या यादीत आपण नाही. मग बहुसंख्य दाबतोच हा नियम कसा?

रेवदंड्याची_पोर
कडा, तुमचं उदाहरण माझ्या घराशेजारचं आहे म्हणून लिहायला बसले. आमच्या शेजारी बेने इस्रायली कुटुंब होतं. गावात जुनी माणसं त्यांना शनिवार तेली म्हणायची, घाणा शनिवारी बंद म्हणून. काकी नऊवारी नेसायच्या, त्यांचा मलिदा आमच्या घरी यायचा, पोहे गूळ खोबरं घातलेला, आणि आमच्या पुरणपोळ्या तिकडे. भांडण झालेलं मला आठवत नाही. तेही हेच सांगायचे की इथे धर्मावरून कुणी त्रास दिला नाही.

पण पुढचं ऐका. त्यांची मोठी जाऊ पन्नासच्या दशकात इस्रायलला गेली. म्हणजे पहिल्यांदाच स्वतःच्या लोकांत, बहुसंख्यात! आणि तिथे गेल्यावर धर्मपीठाने शंका काढली की हे खरे ज्यू आहेत का, लग्न लावायचं तर आधी पिढ्यांची चौकशी करा. १९६२ ला तसा आदेशच निघाला. मग आपल्या या कोकणी लोकांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं, १९६४ ला पार्लमेंटची खास बैठक बसली आणि तो आदेश बदलावा लागला. काकी हसून सांगायच्या, "इथे आम्हाला कोणी विचारलं नाही तुम्ही ज्यू आहात का, तिथे जाऊन कागद दाखवावे लागले." त्या घरात आता कुलूप आहे. अंगणातला माड अजून देतो, शेजारचे नारळ उतरवतात आणि पैसे मुलाच्या खात्यात टाकतात.

खडूस_म्हातारा
पोरी, छान लिहिलंस. पण कड्याला माझा एक प्रश्न. बेने इस्रायली किती होते? मूठभर. पारशी किती? त्याहून जरा मोठी मूठ. त्यांनी गावच्या जमिनीत वाटा मागितला? देवळात? पाणवठ्यावर? पाटीलकीत? ज्याच्यापासून आपल्याला काहीच द्यावं लागत नाही त्याला गोड बोलायला काय जातं? सहिष्णुतेची परीक्षा पाहुण्यावर नसते घेत, वाटेकऱ्यावर घेतात. सख्खा भाऊ सातबाऱ्यावर नाव लावायला आला की बघा आपली परंपरा.

चहाबिस्कीट
आजोबांना दंडवत _/\_

रायवळ_आंबा
खूप वेळ नुसतं वाचत होतो. आजोबांनी दार उघडलंय तर आत येतो.

माझं गाव बीड जिल्ह्यात. साडेतीनशे घरं, आमची तीस. कड्याने जी यादी केली पारशी-ज्यू वगैरे, त्यात आम्ही नसतो. कारण आम्ही हिंदूंच्या आकड्यात धरलेले असायचो, म्हणजे कागदावर बहुसंख्य! आणि गावात तीस घरं. माझ्या आजोबांना विहिरीवर पाणी वरून ओतायचे, ओंजळीत. ते बहुसंख्य होते का अल्पसंख्य, सांगा.

२०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जाती १६.६ टक्के, महाराष्ट्रात ११.८. कोटींमध्ये आकडा मोठा दिसतो. पण आपल्या राज्यातल्या एकाही जिल्ह्यात आम्ही निम्म्याच्या जवळपास नाही. गावात आलं की प्रत्येक गावात तीस घरं, चाळीस घरं, गावाच्या एका अंगाला, बहुतेक वेळा पूर्वेला. असं का? कारण गावकी चालवायला प्रत्येक गावाला एवढीच घरं लागायची. म्हणजे आम्ही अल्पसंख्य झालो नाही, आम्हाला अल्पसंख्य राहील असं वाटून दिलं गेलं. मिसळ म्हणतोय ना यादी करणारा ठरवतो, तर इथे वस्ती पाडणाऱ्याने ठरवलं.

बाबासाहेबांनी हे ओळखलं होतं म्हणून १९४२ ला नागपूरच्या परिषदेत आणि नंतर ४७ च्या मसुद्यात वेगळ्या वसाहतींची मागणी होती. लोकांना वाटतं केवढी टोकाची मागणी. नाही, साधं गणित आहे. गाव हे एकक धरलं तर आम्ही जन्मभर हरणार, म्हणून एककच बदला.

आणि त्यांचं आणखी एक म्हणणं होतं, राजकीय बहुमत आज एकाचं उद्या दुसऱ्याचं, ते बनतं आणि मोडतं. जातीचं बहुमत जन्मतःच असतं, त्यात बाहेरचा शिरू शकत नाही. धागाकर्त्याच्या श्रीलंकेत पण तेच झालं असणार, सिंहली माणूस मत बदलू शकतो, तमिळ माणूस सिंहली होऊ शकत नाही.

आता अपरिहार्य आहे का? आमच्या गावात विहिरीचा वाद संपला. मनं बदलून नाही संपला. नळयोजना आली, घरोघर तोटी आली, विहिरीवर कोणी जाईना. घरं अजून तीसच आहेत. स्मशानाचा वाद मात्र चालू आहे, कारण स्मशानाला नळ नसतो.

तर्कट
रायवळ, हे वाचून माझ्या वरच्या प्रतिसादाची लाज वाटली थोडी. "डोकी मोजू नका" म्हणालो होतो. डोकी कुठे उभी केलीत ते मोजायला हवं.

सह्याद्रीचा_कडा
रायवळ, जे झालं ते चूकच. पण काळ बदलतोय हेही लिहा की. दरवेळी तेच उगाळून काय होतं?

रायवळ_आंबा
लिहिलंय की. नळ आला म्हणून लिहिलंय.

मडगांवकार
मी गोव्याचा, मराठी वाचतो आणि लिहितो पण घरची भाषा कोंकणी, त्यामुळे इथे थोडा पाहुणाच. आमच्याकडे हा खेळ एकावर एक असा आहे, कांद्यासारखा.

आधी पोर्तुगीज, आलेले मूठभर आणि १५६० पासून इन्क्विझिशन म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, ते कायमचं बंद व्हायला १८१२ उजाडलं. म्हणजे अल्पसंख्यच दाबत होते. मग १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल, महाराष्ट्रात जायचं की वेगळं राहायचं. वेगळं राहायच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७०. आमच्या लोकांना भीती काय होती? की तुमच्या एवढ्या मोठ्या राज्यात आम्ही कोपऱ्यातला एक जिल्हा होऊन बसू, भाषा बोली म्हणून हसण्यावारी जाईल. तुम्हाला वाईट वाटेल पण बेळगावच्या भावाला कन्नडची जी भीती तीच आमच्यातल्या पुष्कळांना मराठीची होती. आणि दुसऱ्या बाजूला गोव्यातले ते एक लाख अडतीस हजार, त्यांना वाटलं आपण हरलो.

मग १९८७ ला कोंकणी राजभाषा झाली, देवनागरीतली. मराठीचा सरकारी कामात वापर ठेवला. आता कोण नाराज? रोमी लिपीत कोंकणी लिहिणारे, बहुतेक ख्रिस्ती, त्यांची मासिकं, तियात्रं म्हणजे नाटकं, सगळं रोमीत, पण कायद्यात त्यांची लिपी नाही. म्हणजे दाबलेल्याने वर आल्यावर पहिलं काय केलं, खालच्याची लिपी विसरला. मी देवनागरीवाला आहे, म्हणून हे मला म्हणायला हवं.

पोर्ट_लुईची_वहिनी
मॉरिशसमध्ये पंधरा वर्षं झाली. इथले मराठी लोक म्हणजे एकोणिसाव्या शतकात ऊस तोडायला आलेल्यांचे वंशज, अल्पसंख्यांमधले अल्पसंख्य. इथे एक गमतीची सोय आहे, बेस्ट लूझर म्हणतात. संसदेत ६२ जण निवडून येतात आणि मग हरलेल्यांमधून जास्तीत जास्त ८ जणांना आत घेतात, ज्या समाजाला कमी जागा मिळाल्या त्याला भरपाई म्हणून. १९६७ च्या निवडणुकीपासून चालू. ऐकायला हास्यास्पद, हरलेल्याला बक्षीस! पण देश फुटला नाही. तोटा असा की त्यासाठी उमेदवाराने आपण कोणत्या समाजाचे हे जाहीर करायचं, खाने चारच, हिंदू, मुस्लिम, चिनी आणि उरलेले सगळे. नव्या पोरांना ते नको झालंय. इथले मराठी हिंदूंच्या खान्यात जातात आणि मग आत कुजबुजतात की आमच्याकडे कोण बघतं.

सूनबाई_नं_१
हरलेल्याला आत घेतात??? आमच्या घरी कधी सुरू होणार.

कीलचा_कुडकुडा
तर्कटने मागितलेलं उलटं उदाहरण माझ्या दाराशी आहे. मी उत्तर जर्मनीत राहतो, इथून दीड तासावर डेन्मार्कची सीमा. १८६४ ला प्रशियाने हा भाग युद्धात घेतला आणि मग अगदी क्रमिक पुस्तकातल्यासारखं दाबणं, शाळेत डॅनिश बंद, १८८८ पासून जवळपास फक्त जर्मन. पहिलं महायुद्ध हरल्यावर १९२० ला मतदान होऊन रेघ ठरली. तरी इकडे डॅनिश उरले आणि तिकडे जर्मन उरले. हिटलरच्या काळात पुन्हा वितुष्ट.

आणि मग १९५५ ला दोन्ही सरकारांनी एकेक जाहीरनामा काढला. दोन गोष्टी मला भारी वाटतात. एक, इथल्या डॅनिश पक्षाला पाच टक्क्यांची अट नाही. बाकी सगळ्या पक्षांना पाच टक्के मतं लागतात, त्यांना नाही. २०२१ ला त्यांचा एक खासदार बर्लिनला गेला सुद्धा. दुसरी, तुम्ही डॅनिश आहात की नाही हे सरकार तपासत नाही. मी म्हणतो मी डॅनिश, संपलं. माझ्या ऑफिसातल्या एकाने पोराला डॅनिश शाळेत घातलं, घरात कुणालाच येत नव्हतं, शाळा चांगली म्हणून! आता आजी पण डॅनिश शिकतेय.

आता रायवळ यांचं वाचल्यावर कळतंय की हे का जमलं. एक तर बाहेरून आत जाता येतं. दुसरं, दोघांची माणसं एकमेकांच्या हातात आहेत, इकडे पन्नास हजार, तिकडे पंधरा. मी तुझ्या माणसाला त्रास दिला तर तू माझ्याला देशील. आणि तिसरं जरा स्वार्थाचं, ५५ साली जर्मनीला नाटोत जायचं होतं आणि डेन्मार्क आधीच आत बसलेला. चांगुलपणा नंतर आला. पण आला हेही खरं.

खडूस_म्हातारा
म्हणजे शेजाऱ्याची किल्ली आपल्याकडे आणि आपली त्याच्याकडे. वाड्यात असंच असायचं.

संपादक_मंडळ
आतापर्यंत चर्चा चांगली चाललीय. आजच्या पक्षांवर आणि आयडींच्या आडनावावर घसरलेले तीन प्रतिसाद उडवलेत. ज्यांचे उडाले त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करू नये.

चहाबिस्कीट
माझा नव्हता ना? माझा तर पॉपकॉर्नचा होता.

उनाड_पाऊल
चार दिवस ऑफिसच्या कामात अडकलो आणि इथे केवढं काय जमलंय. सगळ्यांना एकेक करून उत्तर देत नाही, दोन गोष्टी सांगतो ज्या पहिल्या पोस्टमध्ये मी गाळल्या, मुद्दाम नाही पण त्या माझ्या निष्कर्षात बसत नव्हत्या म्हणूनच गाळल्या असाव्यात.

एक. रायवळ म्हणतात सिंहली माणूस मत बदलू शकतो. बदललं होतं! १९५७ ला पंतप्रधान बंदरनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला होता, तमिळला प्रशासनात जागा, प्रांतिक परिषदा, बरंच काही. म्हणजे ज्याने ५६ ला फक्त सिंहली आणलं तोच वर्षभरात माघार घेत होता. मग विरोधी पक्षातर्फे जयवर्धने कँडीला मोर्चा घेऊन निघाले की देश विकला. ५८ च्या एप्रिलमध्ये भिक्खू पंतप्रधानांच्या घरासमोर येऊन बसले आणि करार रद्द झाला. ५९ ला त्याच बंदरनायक्यांना एका भिक्खूने गोळ्या घातल्या. तर सिंहली समाज नावाचा एक माणूस बसून ठरवत नव्हता, दोन पक्ष एकमेकांवर कुरघोडी करत होते की कोण जास्त सिंहली. लिलावासारखं. एकाने बोली लावली की दुसऱ्याला वरची लावावी लागते, आणि माल तिसऱ्याचा. त्यात सिंहलींना समुद्रापलीकडचे, भारतातले कोट्यवधी तमिळ दिसत होते, तलाईमन्नारपासून धनुष्कोडी जेमतेम तीस किलोमीटर. देशात सत्तर टक्के असून मनातून ते अल्पसंख्यच होते. घाबरलेला बहुसंख्य. मला हे सगळ्यात धोकादायक वाटतं.

दोन. जाफन्यातला आमचा रिक्षावाला मुसलमान होता, तमिळ बोलणारा. वाचनालय बघून मी हळहळ करत होतो तर म्हणाला, "आमचंही घर बघा." १९९० च्या ऑक्टोबरमध्ये एलटीटीईने, म्हणजे वेगळ्या तमिळ देशासाठी लढणाऱ्या संघटनेने, उत्तरेतल्या सगळ्या मुसलमानांना घालवलं, सत्तर हजारांच्या वर माणसं, जाफन्यातल्यांना जेमतेम दोन तासांची मुदत मिळाली. तो तेव्हा नऊ वर्षांचा, पुत्तलमच्या छावणीत वाढला. जाफन्यात परत आलाय पण घराला छप्पर नाही, भिंतीतून पिंपळ आलाय. देशभर अल्पसंख्य असलेले तमिळ जाफन्यात बहुसंख्य होते, आणि मडगांवकार म्हणतात तसा कांदा. मी त्याला विचारलं राग येतो का. तो म्हणाला भाडं दीडशे रुपये जास्त द्या, पेट्रोल महाग झालंय.

तर माझ्या "दाबतोच" मधला च मी मागे घेतोय, तर्कट खूश होतील. पण त्या जागी काय लिहू ते सुचत नाहीये. कीलचं उदाहरण खरं आहे, पण तिथे किल्ल्या अदलाबदल करायला पलीकडे एक देश होता. रायवळ यांच्या तीस घरांच्या पलीकडे कोणता देश आहे?

मिसळ_विदाउट_पाव
कोर्ट आहे, घटना आहे. तोच पलीकडचा देश समजायचा. मतमोजणीत न येणारी काही दारं घटनेने बंद करून ठेवलीत, बहुमताने उघडायची नाहीत म्हणून.

बेळगावी_कुंदा
कोर्टाचं मला सांगू नका. २००४.

मिसळ_विदाउट_पाव
:( मान्य.

माहेरची_चकली
अवांतर: जाफन्याच्या खेकड्याच्या रश्श्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. उनाड, खाल्लात का? शेवग्याचा पाला घालतात म्हणे त्यात.

उनाड_पाऊल
@चकली, खाल्ला. घाम फुटला. पाला घालतात, अगदी शेवटी, उकळी बंद केल्यावर. कृती रेसिपीच्या विभागात टाकतो, इथे टाकली तर संपादक उडवतील.

जतचा_बेदाणा
रायवळ, एक राहिलं विचारायचं. स्मशानाचं नेमकं काय आहे?

रायवळ_आंबा
गावच्या स्मशानात शेड आहे, सिमेंटचा ओटा आहे, लाईट आहे. आमची जागा ओढ्याच्या पलीकडे, शेड नाही, रस्ता नाही, पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की थांबावं लागतं. मागच्या श्रावणात माझी चुलती गेली. दुपारी अडीच ते साडेसहा आम्ही ताडपत्री धरून उभे होतो. गावातली पाच-सहा पोरं मदतीला आली होती, आमच्या जातीची नाहीत, माझ्या वर्गातली. तीही भिजली. त्यांच्यातला एक म्हणाला, अरे तिकडे शेडमध्ये नेऊ की, आणि मग आम्ही सगळेच गप्प बसलो.

शेडसाठी ग्रामसभेत ठराव मांडला होता. हात वर करायला सांगितले. मोजायची गरज पडली नाही. आता तहसीलला अर्ज दिलाय.

बेळगावी_कुंदा
पोच घेतलीत ना? शिक्क्याची, तारखेसकट?

रायवळ_आंबा
घेतलीय. आधी साधी सही देत होता. शिक्क्यासाठी पाऊण तास बसलो.

बेळगावी_कुंदा
बरं केलंत. झेरॉक्स काढून ठेवा दोन. पावसात मूळ प्रत नेऊ नका.